डॅन्यूबचे दोन वाटेकरी



दोन शेजारी राष्ट्रे एकमेकांशी विजेचा, तेलाचा किंवा वायूचा करार करतात तेव्हा त्याचे वर्णन बहुधा मैत्रीच्या भाषेत होते. पंतप्रधान सह्या करतात, हस्तांदोलने होतात, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात. परंतु ऊर्जेचा करार हा इतर व्यापारी करारांहून एका बाबतीत मुळातच निराळा आहे. कापडाचा किंवा गव्हाचा व्यवहार जमला नाही तर पुढच्या वर्षी दुसरे गिऱ्हाईक शोधता येते. धरण, कालवा, नळवाहिनी यांचे तसे नाही. ती एकदा जमिनीत रुतली की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत. त्यांत ओतलेला पैसा उपसून काढता येत नाही. आणि सरहद्दीपलीकडचे सरकार बदलले, तेथील लोकमत फिरले, की अलीकडच्यांची सारी गुंतवणूक जागच्या जागी अडकून पडते. म्हणून असा करार कोणी केला, कोणाला विचारून केला आणि चूक उमगल्यावर मागे फिरण्याची वाट त्यात ठेवली होती की नाही, हे प्रश्न मैत्रीच्या घोषणांपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात.

हे प्रश्न ज्या एका प्रकरणात अगदी उघडेवाघडे होऊन समोर आले, ते प्रकरण हंगेरी आणि स्लोव्हाकिया या दोन देशांमधील आहे. डॅन्यूब नदीवरील गाब्चीकोवो-नाग्यमारोश प्रकल्प या लांबलचक नावाने ते ओळखले जाते. त्याचा इतिहास जवळपास अर्ध्या शतकाचा आहे आणि तो अद्याप पुरता संपलेला नाही.

प्रथम भूगोल पाहिला पाहिजे. डॅन्यूब ब्रातिस्लावा शहराखाली उतरते तेव्हा डोंगर मागे पडतात, उतार मंदावतो आणि आल्प्सकडून वाहून आणलेली वाळू व गोटे नदी तेथे टाकून देते. सहस्रावधी वर्षांच्या या साचणीतून तेथे एक प्रकारचा अंतर्गत त्रिभुज प्रदेशच तयार झाला आहे. मुख्य प्रवाहाला असंख्य फाटे फुटतात, त्यांच्यामध्ये बेटे, पाणथळ अरण्ये, कुरणे. डाव्या तीरावरील भूभागाला स्लोव्हाक लोक झित्नी ओस्त्रोव म्हणतात, हंगेरियन लोक चालोकोझ. उजव्या तीरावरील हंगेरीतील भूभाग म्हणजे सिगेतकोझ. या साऱ्या प्रदेशाच्या पोटात, गोट्यांच्या थरांमध्ये, पिण्यायोग्य भूजलाचा युरोपातील फार मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे. आणि याच प्रदेशाला पुराचा शापही आहे. 1954 आणि 1965 मधील पुरांनी येथील गावांची दैना केली होती. नौकानयनालाही येथील उथळ, सतत जागा बदलणारे पात्र गैरसोयीचे होते. तेव्हा नदीला वेसण घालावी ही कल्पना केवळ वीज खात्याच्या अभियंत्यांच्या डोक्यातून निघाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुरात घर गमावलेल्या शेतकऱ्यालाही ती पटण्यासारखी होती.

भूगोलावर इतिहासाचा एक थर आहे, तोही ध्यानात ठेवावा लागतो. 1920 च्या त्रिआनोंच्या तहाने हंगेरीचा फार मोठा मुलूख शेजाऱ्यांकडे गेला आणि डॅन्यूबचा डावा तीर चेकोस्लोव्हाकियाला मिळाला. तेथील बहुसंख्य वस्ती मात्र हंगेरियन भाषकांची होती, आजही ती बऱ्याच अंशी तशीच आहे. ज्या गावाच्या नावाने वीजकेंद्र ओळखले जाते त्या गाब्चीकोवोचे हंगेरियन नाव बोश. नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर 1942 मध्ये प्राग येथे हल्ला करणाऱ्या योझेफ गाब्चीक या स्लोव्हाक सैनिकाच्या स्मरणार्थ 1948 मध्ये त्या गावाचे नाव बदलण्यात आले. एका थोर देशभक्ताचे नाव गावाला लाभले हे खरेच, पण त्या निमित्ताने गावाच्या रहिवाशांच्या जिभेवरचे नाव नकाशावरून गेले, हेही खरे. ज्या मातीत गावाचे नावसुद्धा वादाचा विषय असते, त्या मातीत धरण ही नुसती धरण राहत नाही.

16 सप्टेंबर 1977 रोजी बुडापेस्ट येथे हंगेरीचे पंतप्रधान ग्यर्ग लाझार आणि चेकोस्लोव्हाकियाचे पंतप्रधान लुबोमिर श्ट्रोगल यांनी करारावर सह्या केल्या. दोन्ही देश त्या वेळी सोव्हिएत गटातील, दोन्हीकडे एकाच पक्षाची राजवट. कराराची रचना कागदावर फार आकर्षक होती. हंगेरीच्या हद्दीत दुनाकिलिती येथे नदी अडवायची. अडवलेले पाणी स्लोव्हाक भूमीवरून सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीच्या कालव्याने न्यायचे. त्या कालव्यावर गाब्चीकोवो येथे 720 मेगावॉट क्षमतेचे वीजगृह उभारायचे आणि पाणी पुन्हा नदीत सोडायचे. त्याच्या खाली शंभरएक किलोमीटरवर, बुडापेस्टच्या अलीकडे, डॅन्यूब जेथे डोंगरातून सुंदर वळण घेते तेथे, नाग्यमारोश या जागी 158 मेगावॉटचे दुसरे धरण बांधायचे. खर्च निम्मानिम्मा, वीजही निम्मीनिम्मी. मुख्य बांधकामे कोणत्या देशाच्या भूमीवर आहेत याचा विचार न करता दोघांची सामाईक मालमत्ता मानायची.

आता दोन धरणे कशासाठी, असा प्रश्न सहजच उद्भवतो. याचे उत्तर विजेच्या अर्थकारणात आहे. वीज साठवून ठेवता येत नाही, निदान त्या काळी मोठ्या प्रमाणावर येत नव्हती. सकाळी कारखाने सुरू होताना आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागताना तिची मागणी शिगेला पोहोचते, आणि त्या तासांतील एक युनिट मध्यरात्रीच्या कित्येक युनिटांइतके मोलाचे असते. गाब्चीकोवोचे वीजगृह म्हणूनच दिवसभर एकसारखे चालवायचे नव्हते. वरच्या जलाशयात पाणी कोंडून धरायचे आणि मागणीच्या वेळी ते एकदम सोडायचे, अशी योजना होती. परंतु असे लोंढे रोज नदीत सोडले तर खालच्या काठांची, नौकांची आणि पुलांची काय गत होईल? ते लोंढे झेलून प्रवाह पुन्हा समतल करण्यासाठी नाग्यमारोशचे धरण हवे होते. म्हणजे खालचे धरण हे स्वतःच्या विजेसाठी जेवढे, त्याहून अधिक वरच्या धरणाची वीज महाग विकता यावी यासाठी होते. हे समजले की पुढच्या भांडणाचे मर्म समजते. दोन्ही धरणांपैकी एक गळाले तर दुसऱ्याचे मोल घसरते, आणि दुनाकिलितीचे दरवाजे ज्याच्या हाती, त्याच्या हाती स्लोव्हाक भूमीवरील साऱ्या कालव्याची किल्ली. सामाईक मालकीच्या गोड शब्दाआड परस्परांना ओलीस ठेवण्याची ही अशी व्यवस्था होती. दोन्ही राजधान्यांमध्ये एकाच मताची माणसे बसली आहेत आणि कायमची बसणार आहेत, या गृहीतावर ती उभी होती.

लोकांना विचारण्याचा प्रश्न अर्थातच उद्भवला नाही. सिगेतकोझच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे काय होणार, पाणथळ अरण्यांचे काय होणार, भूजलाच्या साठ्याचे काय होणार, यांवर काही शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या होत्या, पण त्या फायलींत राहिल्या. 1981 मध्ये यानोश वार्गा या जीवशास्त्रज्ञ-पत्रकाराने बुडापेस्टच्या एका मासिकात लेख लिहून त्या प्रथम चव्हाट्यावर आणल्या. 1984 मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दुना कोर, म्हणजे डॅन्यूब मंडळ, स्थापन केले. सह्या गोळा करणे, पत्रके हातोहात वाटणे, अशी ती साधी कामे. परंतु एकपक्षीय राज्यात सही करणे हेच मोठे धाडस असते. 1985 मध्ये या मंडळाला राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला. सहा वर्षांनी, 1991 मध्ये, तोच पुरस्कार मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळाला. नर्मदेच्या आणि डॅन्यूबच्या काठांवर एकमेकांना न ओळखणारी माणसे साधारण एकाच वेळी एकच प्रश्न विचारत होती, एवढे त्यावरून लक्षात यावे.

याच सुमारास या कथेत तिसरा शेजारी आला. 1984 च्या डिसेंबरात ऑस्ट्रियात हैनबुर्ग येथे डॅन्यूबवरील नियोजित धरणाविरुद्ध हजारो नागरिक कडाक्याच्या थंडीत अरण्यात ठाण मांडून बसले आणि सरकारला ते धरण सोडून द्यावे लागले. ऑस्ट्रियाच्या धरण बांधणाऱ्या कंपन्यांना काम हवे होते. शेजारी हंगेरीला पैसा हवा होता. पूर्व युरोपात दरडोई विदेशी कर्जाचा सर्वांत जड बोजा त्या वेळी हंगेरीच्या डोक्यावर होता. 1986 मध्ये सौदा झाला. ऑस्ट्रियाने कर्ज द्यायचे, कामाचा मोठा वाटा ऑस्ट्रियन कंपन्यांना मिळायचा, आणि हंगेरीने त्याची फेड पैशाने नव्हे तर विजेने, 1996 पासून वीस वर्षे, करायची. याचा सरळ अर्थ असा की हंगेरीने स्वतःची नदी बांधून घ्यायची, स्वतःचे अरण्य बुडवायचे, आणि तीतून निघणाऱ्या आपल्या वाट्याच्या विजेतील फार मोठा भाग दोन दशके व्हिएन्नाला पाठवायचा. ज्या प्रकारचे धरण आपल्या भूमीवर ऑस्ट्रियन जनतेने नाकारले, त्याची वीज तिला सरहद्दीपलीकडून मिळणार होती. भांडवलशाही ऑस्ट्रिया आणि समाजवादी म्हणवणारा हंगेरी यांच्यात हा करार विनासायास झाला. लोकांचा आवाज बंद असलेली भूमी ही गुंतवणूकदाराला नेहमीच सोयीची वाटते, मग तेथील ध्वजाचा रंग कोणताही असो.

1988 च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या संसद भवनासमोर हजारोंचा मोर्चा निघाला. संसदेने ऑक्टोबरमध्ये तरीही प्रकल्पाच्या बाजूने मतदान केले. पण हवा फिरली होती. 13 मे 1989 रोजी मिक्लोश नेमेत यांच्या सरकारने नाग्यमारोशचे काम थांबवले आणि ऑक्टोबरअखेर ते कायमचे सोडून देण्याचे ठरवले. दुनाकिलिती येथेही नदी अडवण्याचे काम रोखले गेले. हा निर्णय नव्या लोकशाही सरकारने घेतलेला नाही, जुन्या पक्षाच्याच शेवटच्या सरकारने घेतलेला आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

येथवरची कथा ऐकून श्रोत्यांची सहानुभूती हंगेरीकडे झुकली असेल तर ते स्वाभाविक आहे. परंतु क्षणभर डाव्या तीरावर जाऊन उभे राहिले पाहिजे. स्लोव्हाकियाच्या बाजूला गाब्चीकोवोचे वीजगृह आणि कालवा यांचे काम बहुतांशी झालेले होते. भोवतालच्या जमिनीहून उंच असा तो कालवा कोरडा पडून होता. शेकडो एकर सुपीक शेती त्याखाली आधीच गेली होती. हे सारे अर्धवट सोडणे म्हणजे पैसा तर गेलाच, पण जमीनही गेली आणि पूर मात्र राहिला. शिवाय शेजाऱ्याने करारावर सही करायची, वर्षानुवर्षे काम करू द्यायचे, आणि मग एके दिवशी पर्यावरणाचे कारण सांगून हात झटकायचे, हे स्लोव्हाक माणसाला विश्वासघातासारखे वाटले तर त्याला दोष देता येत नाही. नव्या राष्ट्रीय अस्मितेच्या त्या दिवसांत धरण हे ब्रातिस्लावात स्वाभिमानाचे प्रतीक झाले, जसे बुडापेस्टमध्ये ते जुन्या राजवटीच्या जुलमाचे प्रतीक झाले होते. एकाच काँक्रीटचे दोन अर्थ झाले आणि वाटाघाटींना जागा उरली नाही.

मग ब्रातिस्लावाने एक वेगळी वाट शोधली. 1947 च्या पॅरिस शांतता तहाने ब्रातिस्लावासमोरील, उजव्या तीरावरील तीन हंगेरियन खेडी चेकोस्लोव्हाकियाला देण्यात आली होती. त्यांपैकी एक चुनोवो. त्यामुळे तेवढ्या तुकड्यात डॅन्यूबचे दोन्ही काठ चेकोस्लोव्हाकियाच्या ताब्यात होते. दुनाकिलितीच्या वर सुमारे दहा किलोमीटरवर, चुनोवो येथे, हंगेरीला न विचारता नदी अडवता येणे शक्य होते. 1991 च्या नोव्हेंबरात हे काम सुरू झाले. मे 1992 मध्ये हंगेरीने 1977 चा करार रद्द झाल्याचे कळवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात चुनोवो येथे नदी बंद करण्यात आली, आणि डॅन्यूबचे ऐंशी ते नव्वद टक्के पाणी जुन्या पात्रातून निघून कालव्यात वळले. दोन महिन्यांनी चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्रच राहिले नाही. 1 जानेवारी 1993 रोजी स्वतंत्र झालेल्या स्लोव्हाकियाला धरण, वीज आणि खटला हे तिन्ही वारशात मिळाले.

सिगेतकोझमध्ये फाटे कोरडे पडले, भूजलाची पातळी घसरली. पण नदी वळवल्याची झळ केवळ हंगेरीत लागली असे समजू नये. स्लोव्हाकियाच्याच हद्दीत वोय्का, बोदिकी आणि दोब्रोहोश्त ही तीन खेडी एका बाजूला नवा रुंद कालवा आणि दुसऱ्या बाजूला नदीचे जुने पात्र यांच्या चिमट्यात सापडली. त्यांचा शेजारच्या गावांशी असलेला सरळ रस्ता तुटला आणि कालवा ओलांडायला तरफा आली. वस्ती पुन्हा हंगेरियन भाषकांचीच. म्हणजे बुडापेस्टचे सरकार ज्यांच्या नावाने गळा काढत होते आणि ब्रातिस्लावाचे सरकार ज्यांना आपले नागरिक म्हणत होते, त्या माणसांना दोन्ही सरकारांनी विचारलेले नव्हते. 1977 मध्येही नाही आणि 1992 मध्येही नाही.

युरोपीय समुदायाच्या मध्यस्थीने दोन्ही देशांनी 7 एप्रिल 1993 रोजी ब्रसेल्स येथे करार करून हा तंटा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला. येथे दोघांचेही कौतुक केले पाहिजे. त्याच वर्षांत युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याचा गळा कापत होता. डॅन्यूबवर मात्र वकील लढत होते. 19 एप्रिल 1995 रोजी एक तात्पुरता करार होऊन जुन्या पात्रात वर्षाच्या सरासरीने सेकंदाला 400 घनमीटर पाणी सोडण्याचे ठरले. ब्रातिस्लावापाशी नदीचा सरासरी प्रवाह सुमारे 2000 घनमीटर आहे, त्यावरून हा वाटा किती ते कळेल. 1997 च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्तींनी स्वतः जाऊन नदी, धरण आणि गावे पाहिली. त्या न्यायालयाच्या इतिहासात अशी प्रत्यक्ष पाहणी तोवर झाली नव्हती.

25 सप्टेंबर 1997 चा निकाल हा एका पक्षाला माळ आणि दुसऱ्याला चपराक देणारा नव्हता, आणि म्हणूनच तो नीट वाचण्यासारखा आहे. चौदा विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने सांगितले की 1989 मध्ये काम थांबवण्याचा हंगेरीला अधिकार नव्हता. पर्यावरणावरील संकट हे करार थांबवण्याचे सबळ कारण होऊ शकते हे तत्त्वतः मान्य झाले, मात्र ते संकट निश्चित आणि निकटचे होते हे हंगेरीला सिद्ध करता आले नाही. करार रद्द केल्याची नोटीसही निष्प्रभ ठरली. दुसरीकडे, चुनोवो येथे पर्यायी बांधकाम करण्यात गैर नाही, पण 1992 मध्ये ते कार्यान्वित करून नदी एकतर्फी वळवणे बेकायदेशीर होते, असे दहा विरुद्ध पाच मतांनी ठरले. सामाईक नदीतील न्याय्य वाट्यापासून शेजाऱ्याला वंचित करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे तत्त्व त्यातून ठसठशीत झाले. शेवटी न्यायालयाने दोघांनाही सांगितले की 1977 चा करार जिवंत आहे, परंतु वीस वर्षांत जग बदलले आहे. नाग्यमारोशचे धरण आता बांधण्याची गरज नाही. गाब्चीकोवोच्या वीजगृहाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते नव्याने तपासा, सद्भावनेने वाटाघाटी करा, आणि नुकसानभरपाईचे दावे दोघांनीही सोडून दिलेत तर बरे.

या निकालाला न्यायमूर्ती ख्रिस्तोफर वीरमंत्री यांनी जोडलेले स्वतंत्र मत आशियातील वाचकाने मुद्दाम पाहावे. श्रीलंकेच्या या विद्वानाने विकास आणि निसर्गरक्षण यांची सांगड ही पश्चिमेची नवी देणगी नव्हे, हे दाखवण्यासाठी आपल्या देशातील प्राचीन तलावांच्या सिंचनव्यवस्थेचा विस्ताराने दाखला दिला. डॅन्यूबच्या भांडणात अनुराधापूरच्या तलावांची साक्ष निघावी ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

वाटाघाटी झाल्या, पण तडीस गेल्या नाहीत. 1998 च्या फेब्रुवारीत ज्युला होर्न यांच्या सरकारने एका मसुद्यावर प्राथमिक सह्या केल्या. त्यात खालच्या भागात धरण बांधण्याची तरतूद डोकावताच बुडापेस्टमध्ये पुन्हा मोर्चे निघाले आणि मसुदा बारगळला. मे महिन्यात निवडणुकीत ते सरकारही गेले. सप्टेंबरात स्लोव्हाकियाने पुन्हा हेगचे दार ठोठावले. तो अर्ज एकोणीस वर्षे तसाच पडून होता. 2017 मध्ये तो मागे घेण्यात आला. 1995 च्या तात्पुरत्या कराराला मुदतवाढ मिळत गेली आणि पाण्याच्या मोजमापासाठी दोन्ही देशांचे तज्ज्ञ एकत्र बसू लागले. तात्पुरत्या म्हणून केलेल्या गोष्टी मुत्सद्देगिरीत पुष्कळदा सर्वांत टिकाऊ ठरतात.

आणि विजेचे काय झाले? नाग्यमारोश नसल्यामुळे गाब्चीकोवोचे केंद्र लोंढे सोडण्यासाठी नव्हे, तर बहुतांशी वाहत्या प्रवाहावर चालते. म्हणजे 1977 च्या गणितातील महाग वीज कधी निघालीच नाही. तरीही ते स्लोव्हाकियातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र आहे आणि देशाच्या विजेत त्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. 2006 मध्ये स्लोव्हाकियाने आपल्या वीज कंपनीचे 66 टक्के भाग एनेल या इटालियन कंपनीला विकले, तेव्हा हे केंद्र चालवण्याचे कामही त्या कंपनीकडे राहिले. न्यायालयीन लढाईनंतर 2015 मध्ये सरकारने ते परत आपल्या ताब्यात घेतले. शेजाऱ्याशी ज्या विजेसाठी एवढे भांडण केले, तिच्या नफ्यात मधली नऊ वर्षे परकी भागधारक वाटेकरी होते.

आता 2009 या एका वर्षाकडे वळू. त्या जानेवारीत रशिया आणि युक्रेन यांच्यातील वादामुळे युक्रेनमार्गे येणारा वायू बंद झाला. भर हिवाळ्यात स्लोव्हाकियाने आणीबाणी पुकारली, कारखाने बंद पडले. शेजारी हंगेरीच्या भूगर्भात वायूचे मोठे साठे होते. पण दोन देशांमध्ये वायूची एकही सरळ नळवाहिनी नव्हती. पूर्वीच्या साऱ्या वाहिन्या पूर्वेकडून पश्चिमेकडे आखलेल्या. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मदत करावी अशी त्यांची रचनाच नव्हती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम डॅन्यूबवरील पूल ओलांडून कोमार्नो येथे एका पुतळ्याच्या अनावरणाला निघाले असता स्लोव्हाकियाने त्यांना प्रवेश नाकारला आणि ते पुलावरूनच माघारी फिरले. हे शोयोम ऐंशीच्या दशकात दुना कोरच्या वर्तुळात वावरलेले कायदेपंडित होते. हा वादही न्यायालयात गेला, आणि 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने स्लोव्हाकियाने युरोपीय कायदा मोडला नाही असा निर्वाळा दिला. दोन्ही देश 2004 पासून एकाच संघाचे सभासद, त्यांच्यामधली सरहद्दीची तपासणी 2007 मध्ये उठलेली, आणि एकाचा राष्ट्रप्रमुख दुसऱ्याच्या दारातून परत जातो!

परंतु राजकारणाच्या या पडद्यामागे अभियंत्यांचे आणि हिशेबनिसांचे काम चालूच होते. 2012 च्या सप्टेंबरात चेक, स्लोव्हाक आणि हंगेरियन वीजबाजार एकमेकांशी जोडले गेले. 2015 मध्ये स्लोव्हाकियातील वेल्के झ्लिएव्त्से ते हंगेरीतील वेचेश अशी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीची वायूवाहिनी वापरात आली. 2021 मध्ये दोन देशांना जोडणाऱ्या उच्चदाबाच्या नव्या वीजवाहिन्या सुरू झाल्या. या कामांत 1977 च्या कराराहून एक महत्त्वाचा फरक आहे. येथे सामाईक मालमत्ता नाही. प्रत्येक देश आपल्या हद्दीतील तुकड्याचा धनी आहे आणि प्रवाह दोन्ही दिशांना वाहू शकतो. आज एकाला गरज, उद्या दुसऱ्याला. कोणाचे गाव कोणाच्या विजेसाठी पाण्यात जात नाही. साहजिकच असल्या कामांना ना फितीचा सोहळा लाभत ना अग्रलेख.

अर्थात नळवाहिनी आपल्यातून कोणाचा वायू जावा हे ठरवत नसते. रशियावरील अवलंबन कमी व्हावे म्हणून युरोपीय संघाच्या मदतीने ही वायूवाहिनी बांधली गेली. 1 जानेवारी 2025 रोजी युक्रेनमार्गे होणारी रशियन वायूची वाहतूक थांबली, आणि त्यानंतर काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानमार्गे हंगेरीत पोहोचलेला रशियन वायू याच वाहिनीतून स्लोव्हाकियाला जाऊ लागला. तेलाचे तेच. द्रुझ्बा तेलवाहिनीवर दोघेही अवलंबून, ब्रातिस्लावाचा तेलशुद्धीकरण कारखाना हंगेरीच्या मोल कंपनीच्या मालकीचा, आणि 2022 मध्ये युरोपीय संघाने रशियन तेलावर बंदी घातली तेव्हा वाहिनीतून येणाऱ्या तेलासाठी सवलत मिळवण्यात दोघे खांद्याला खांदा लावून उभे. 2025 च्या ऑगस्टमध्ये या वाहिनीवर हल्ले होऊन पुरवठा खंडित झाला, तेव्हा दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी ब्रसेल्सला संयुक्त पत्र लिहिले. युक्रेनमधील नागरिकांवर बॉम्ब पडत असताना आक्रमकाच्या तेलासाठी झालेली ही एकजूट कोणाला मैत्री वाटेल, पण तिचा पाया एका समान लाचारीवर आहे, हे दृष्टिआड करता येत नाही.

2021 मध्ये सुरू झालेल्या त्या वीजवाहिन्यांपैकी एक गाब्चीकोवोच्या उपकेंद्रातून निघते आणि डॅन्यूब ओलांडून हंगेरीतील गोन्यू येथे जाते. 1977 च्या करारात निम्म्या वाट्याचे जे वचन हंगेरीला दिले होते ते त्या वाहिनीने पाळले जात नाही. तिच्यातून बाजारभावाने, दोन्ही दिशांना, कोणाचीही वीज वाहते. पाण्याच्या वाटणीचा अंतिम करार मात्र अजून झालेला नाही, आणि वोय्काची माणसे पलीकडच्या तीरावर जाण्यासाठी अद्याप तरफेची वाट पाहतात.